सतरा नंबरचं पिंप

कारखान्यात दुधी काच बनायची. न्हाणीघराच्या खिडक्यांना, दवाखान्यांच्या दारांना, मोठ्या साहेबांच्या केबिनला लागते ती. उजेड येऊ देते, पण आतला माणूस काय करतोय ते बाहेर कळू देत नाही. साधी काच यायची, ॲसिडच्या टाकीत बुडायची आणि वर येताना तिच्यातून आरपार दिसणं बंद झालेलं असायचं. कामगारांचंही साधारण तसंच व्हायचं, फक्त त्यांना जास्त वर्षं लागायची.

काच खाऊन खाऊन टाकीतलं ॲसिड थकलं, की ते निळ्या प्लास्टिकच्या पिंपांत भरून मागच्या शेडमध्ये जायचं. शेडच्या दारावर कवटीचं चित्र, चित्राखाली कुलूप, आणि कुलपाची किल्ली मोतीकडे.

अक्षर मोत्यासारखं म्हणून कुणीतरी पहिल्या वर्षीच त्याला मोती म्हणालं आणि ते चिकटलं. हे नाव कुत्र्यालाही ठेवतात, हे हाक मारणाऱ्यांना ठाऊक होतं आणि मोतीलाही. पण वीस वर्षं एकाच ठिकाणी नोकरी केल्यावर माणूस असल्या गोष्टींना कान टवकारत नाही.

घातक कचऱ्याची सगळी नोंद त्याच्याकडे होती. नियम तसा सोपा. असला कचरा नव्वद दिवसांच्या वर आवारात ठेवायचा नाही. परवाना असलेली गाडी बोलवायची. ती पिंपं विल्हेवाट केंद्रात नेणार, तिथे त्यांच्यातलं विष मारणार आणि उरलेला गाळ जाड अस्तराच्या खड्ड्यात पुरणार. तोवर प्रत्येक पिंपावर एक पिवळं लेबल: आत काय आहे, किती धोक्याचं आहे, कधी भरलं, आणि काही झालंच तर फोन कोणाला करायचा.

अकरा वर्षांपूर्वी एकदा गाडी वेळेवर आली नाही. साहेब म्हणाले, "एवढ्याने काय आभाळ कोसळतंय? तारीख बदल." मोतीने जुन्या लेबलावर नवं चिकटवलं आणि पिंप पुन्हा एका दिवसाचं झालं.

पुढच्या खेपेला गाडी बोलवावी, तर पिंपं दुप्पट झालेली. नव्वद दिवसांत एवढा कचरा साठलाच कसा, असं केंद्राने विचारलं असतं. म्हणून त्याही खेपेला गाडी आली नाही. त्याच्या पुढच्या खेपेला तर विचारायलाच नको. कचरा जितका वाढला तितका तो बाहेर काढणं अवघड झालं आणि शेवटी त्याचं काही करायचं असतं हेच सगळे विसरले. आता शेडमध्ये चौसष्ट पिंपं होती आणि त्यांतलं एकही नव्वद दिवसांहून मोठं नव्हतं.

दर तीन महिन्यांनी मोती नवी लेबलं लिहायला बसे. जुनी काढायची नाहीत, वर चिकटवायची. काही पिंपांवर लेबलांची थप्पी वहीएवढी जाड झाली होती.

तारखेबरोबर मजकूरही बदलत गेला. सगळ्यात आधी त्याने लिहिलं होतं, 'काच कोरण्याचं ॲसिड, वापरलेलं. अतिधोकादायक.' पण अतिधोकादायक म्हटलं की त्याला वेगळी खोली आली, वेगळी तपासणी आली, दर महिन्याला अहवाल आला. साहेब म्हणाले, "अति कशाला? वापरून वापरून दमलंय ते बिचारं." 'अति' गेलं. वर्षभराने 'धोकादायक'ही गेलं. मग ॲसिड हा शब्द कानाला बरा लागेना, म्हणून ते 'आम्लयुक्त पाणी' झालं. त्यातलं आम्लही पुढे सुटलं, आणि गेली तीन वर्षं सरसकट सगळ्या पिंपांवर एकच ओळ होती: 'काच धुतलेलं पाणी, सौम्य.' चौसष्टांपैकी काहींत खरंच धुण्याचं पाणी होतं. कशात काय आहे, हे मोतीला एके काळी तोंडपाठ होतं.

त्याच्या मेहुण्याला त्याने सहा महिन्यांपूर्वी कामाला लावलं. लावलं म्हणजे बायकोने लावायला लावलं. "माझा एकुलता एक भाऊ घरी बसलाय आणि तुम्ही वीस वर्षं तिथे काय नुसती अक्षरं काढताय?" असा तिचा मुद्दा होता. मेहुणा कष्टाळू, सरळ आणि एका बाबतीत असह्य होता: तो वाचायचा. औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, बसच्या तिकिटामागची बारीक अक्षरं, साबणाचं वेष्टन, सगळं. आणि वाचून झालं की प्रश्न विचारायचा. आठवड्याभरातच कारखान्यात त्याचं नाव शंकासुर पडलं.

नव्या कामगारांना सुरक्षेचे धडे मोतीच द्यायचा. चाळीस माणसं खुर्च्यांवर पेंगत बसलेली आणि पुढच्या रांगेत एकटा मेहुणा वही उघडून.

"लेबल वाचल्याशिवाय पिंपाला हात लावायचा नाही," मोती म्हणाला. "पिंपाला तोंड नसतं. लेबल हेच त्याचं तोंड."

मेहुण्याने लिहून घेतलं आणि हात वर केला. "आणि लेबल चुकीचं असलं तर?"

"लेबल चुकीचं नसतं."

"नाही, पण समजा, भाऊजी—"

"अरे, लेबल मी लिहितो!"

पेंगणारेही हसायला जागे झाले. मेहुणाही हसला, आणि त्याने तेही वहीत लिहून घेतलं.

मग एका सोमवारी निरोप आला की गुरुवारी तपासणी आहे. साहेब शेडमध्ये एक चक्कर मारून गेले. आत शिरताना नाकाला रुमाल आणि बाहेर पडताना बोट सतरा नंबरच्या पिंपाकडे.

"याचं पोट सुटलंय," साहेब स्वतःचं पोट सावरत म्हणाले. "तपासणीत बरं दिसत नाही. नव्या पिंपात ओता."

मंगळवारी सकाळी नऊला मेहुणा हातपंप आणि रिकामं पिंप घेऊन शेडमध्ये आला. मोती कोपऱ्यातल्या टेबलावर गुरुवारची चौसष्ट लेबलं लिहीत बसला होता. मेहुण्याने वाकून सतरा नंबरचं लेबल वाचलं. मग भिंतीवरचा तक्ता वाचला, जो मोतीच्याच अक्षरात होता.

"भाऊजी, 'काच धुतलेलं पाणी, सौम्य.' तक्त्यात याला पातळ हातमोजे चालतील म्हटलंय."

"मग चालतील."

"कोपरापर्यंतचे जाड मागू का साहेबांकडे?"

जाड हातमोज्यांचा एकच जोड होता. तो साहेबांच्या केबिनमध्ये काचेच्या कपाटात, कंपनीच्या पिशवीतून न काढलेला, तपासणीला दाखवायला ठेवलेला असे.

"पाण्याला कोपरापर्यंत मोजे?" मोती मान वर न करता म्हणाला. "लोक हसतील. शिवाय ते तपासणीचे आहेत."

"म्हणजे तपासून झालं की वापरायला मिळतील?"

"झालं की पुढच्या तपासणीसाठी ठेवायचे. कर ना तुझं काम, शंकासुरा!"

पंपाची नळी जुनी होती. अर्धं पिंप झाल्यावर ती सांध्यातून सुटली आणि मेहुण्याचा उजवा हात मनगटापर्यंत भिजला. थोडे थेंब डाव्या हातावरही उडाले. पातळ मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, त्यामुळे आत गेलेलं आतच राहिलं. नळी पुन्हा बसवून, उरलेलं ओतून, फरशी पुसून झाल्यावर त्याने मोजा काढला आणि नळाखाली हात धुतला. काही झोंबत नव्हतं. "पाणीच आहे," तो स्वतःशी म्हणाला. त्याला बरं वाटलं. लिहिलेलं खरं निघालं की त्याला नेहमीच बरं वाटायचं.

अकराच्या चहाला तो मोतीशेजारी येऊन बसला आणि डाव्या हातावरचं घड्याळ पुढे केलं. नोकरी लागली तेव्हा बहिणीने दिलेलं.

"भाऊजी, यात वेळच दिसेना."

मोतीने पाहिलं. घड्याळाच्या काचेवर पाच-सहा डाग होते, गोल, पांढुरके. त्याने अंगठ्याने घासून पाहिलं. पुसले जाईनात. बोटाला खरखरीत लागत होते.

मोती वीस वर्षं दुधी काचेच्या कारखान्यात होता. साध्या काचेला असं कशाने होतं, हे झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. ते करणारी वस्तू त्या आवारात एकच होती.

"आपली काच होते ना, तशीच झालीय," मेहुणा म्हणाला. "नाही?"

"घाम असेल."

"घाम पुसला जातो की."

"अरे, स्वस्तातलं घड्याळ आहे. तुझ्या ताईला कुठे काय कळतं त्यातलं?" मोती उठला. चहा अर्धाच राहिला.

हे ॲसिड मोठं सभ्य असतं. आल्या आल्या आरडाओरडा करत नाही. आधी आत जाऊन बसतं, जागा बघून घेतं, आणि मग स्वतःची ओळख सांगतं. दुपारी एकला मेहुण्याच्या बोटांच्या टोकांना ठसठस सुरू झाली. दीडला तो हात काखेत दाबून फेऱ्या मारत होता. वरून काहीच दिसत नव्हतं, कातडी थोडी पांढरी, बस्स. "शंकासुराला आज दुखण्याचीच शंका आलीय," कुणीतरी म्हणालं. दोन वाजता तो ओरडायला लागला, तेव्हा कंपनीच्या गाडीतून त्याला हॉस्पिटलात पाठवलं. जाताना त्याने डाव्या हाताने मोबाइल काढला आणि सतरा नंबरच्या लेबलाचा फोटो घेतला. डॉक्टरांना लागेल म्हणून. हेही मोतीनेच शिकवलं होतं.

अडीचला मोतीचा फोन वाजला. तो तेव्हा साहेबांच्या केबिनमध्ये उभा होता.

"मी डॉक्टर, हॉस्पिटलमधून बोलतेय," पलीकडून एक घाईतला आवाज. "तुमच्याकडच्या पेशंटने लेबलाचा फोटो आणलाय. आणीबाणीत संपर्क म्हणून त्यावर हा नंबर आहे. आपण कोण?"

"मी... लेबल लिहितो."

"बरं झालं. त्या पिंपात नक्की काय होतं? हा म्हणतो पाणी. पाण्याने माणूस इतका ओरडत नाही."

मोतीने फोनवर हात ठेवून साहेबांकडे पाहिलं. साहेबांना सगळं ऐकू गेलं होतं.

"लेबलावर आहे ते सांग," साहेब हळू आवाजात म्हणाले. "परवा तपासणी आहे. आता त्यात काही वेगळंच निघालं, तर उरलेल्या त्रेसष्टांत काय आहे, हा पुढचा प्रश्न. आणि सगळ्यांवर अक्षर कोणाचं?"

"साहेब, त्याची बोटं..."

"बोटं माणसाला दहा असतात, मोती. नोकरी एक असते. तुलाही, त्यालाही."

मोतीने हात काढला. "काच धुतलेलं पाणी," तो म्हणाला. "सौम्य."

"त्यात ॲसिड? कोणतंही?"

"लेबलावर आहे तेच आहे."

"खात्री आहे तुमची?"

"लेबल मीच लिहिलंय," मोती म्हणाला.

या वेळी कोणी हसलं नाही. डॉक्टरबाईंनी धन्यवाद म्हणून फोन ठेवला आणि पाण्यावर करतात ते उपचार सुरू केले.

चारला बायकोचा फोन आला. ती हॉस्पिटलात पोचली होती. मागे कुणीतरी विव्हळत होतं, ते कोण हे मोतीने विचारलं नाही.

"अहो, याचं काही कमीच होईना! इंजेक्शन दिलं तरी गुरासारखा ओरडतोय. आणि मध्येच मला म्हणतो, भाऊजींना विचार, लेबलावर आणखी काही वाचायचं राहिलं होतं का? काय सांगू त्याला?"

"बघून सांगतो," मोती म्हणाला.

काय बघायचं होतं, हे त्याला घड्याळ पाहिल्यापासून ठाऊक होतं. तरी तो शेडमध्ये गेला. त्याला कुठेतरी आशा होती की सतरा नंबरच्या तळाशी पाणीच निघेल, घड्याळ खरंच स्वस्तातलं निघेल. जुनं पिंप रिकामं होऊन कोपऱ्यात पडलं होतं. त्याने पातं घेतलं आणि लेबलं सोलायला बसला.

वरची बारा एकसारखीच निघाली: पाणी, सौम्य. तेराव्याला 'सौम्य' गळालं. मग बराच वेळ 'काच धुतलेलं पाणी'. एकविसाव्याला 'आम्लयुक्त' परत आलं. खालची लेबलं ओलसर होती, तुकड्या-तुकड्यांनी निघत होती आणि प्रत्येकावर त्याचा मोबाइल नंबर होता. अक्षर तरुण होत चाललं होतं, वेलांट्या जास्त गोल, जास्त हौशी. पस्तिसाव्याला ॲसिड. चाळिसाव्याला धोकादायक. अगदी तळाशी, प्लास्टिकला घट्ट चिकटलेलं, अकरा वर्षांपूर्वीचं पहिलं लेबल होतं. शाई जराही उडाली नव्हती. 'अति'च्या खाली त्याने तेव्हा पट्टी लावून दोन रेघाही मारल्या होत्या.

सगळी त्रेचाळीस लेबलं सोलायला पाऊण तास गेला. मोतीला नंतर वाटायचं की हा पाऊण तास उशिरात धरू नये, कारण तो प्रयत्नांत गेला. पण बोटांनी तोही धरला.

पाच वाजता त्याने हॉस्पिटलला फोन लावला आणि पहिलं लेबल वाचून दाखवलं.

"अडीच वाजता मी हेच विचारलं होतं तुम्हाला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे कातडीवर थांबत नाही, कळतंय का? आत हाड शोधत जातं. याला कॅल्शियमचं मलम लागतं, इंजेक्शनं लागतात, आणि ती लगेच लागतात. तेव्हा तुम्ही काय म्हणालात? खात्री आहे?"

मोती काही बोलणार होता, पण त्या ओरडत निघून गेल्या होत्या, कुणाला तरी काहीतरी आणायला सांगत.

मागे साहेब येऊन उभे होते. त्यांनी जमिनीवरचा पिवळा ढीग पाहिला आणि बुटाने बाजूला केला.

"सांगून मोकळा झालास? बरं केलंस. नात्यातलं प्रकरण आहे," ते म्हणाले. "हे जाळून टाक. आणि नव्या पिंपाला लेबल लावूनच घरी जा. गुरुवार विसरू नकोस."

मोतीने नव्या पिंपासाठी लेबल लिहिलं. आजची तारीख, पहिला दिवस. आत काय, या जागी पेन थोडा वेळ थांबलं. मग त्याने तेच लिहिलं, कारण उरलेल्या त्रेसष्टांवर तेच होतं आणि एकच वेगळं दिसलं असतं.

गुरुवारी तपासनीस आले. शेडच्या दारातूनच त्यांनी रांगेतली पिंपं पाहिली आणि अक्षराचं तोंडभरून कौतुक केलं. "हल्ली असं कोणी लिहीत नाही," ते म्हणाले. काचेच्या कपाटातले जाड हातमोजेही त्यांना आवडले. अपघाताचा अहवाल त्यांच्यापुढे ठेवला गेला, तोही मोतीच्याच अक्षरात. साहेबांनी सांगितला तसा त्याने लिहिला होता: 'कामगाराने लेबलावरील मजकूर पुरेशा काळजीने वाचला नाही.'

नवव्या दिवशी हॉस्पिटलात मेहुण्याच्या उजव्या हाताची तीन बोटं काढली.

त्याच संध्याकाळी मोती सातव्या वॉर्डात गेला तेव्हा बायको भावाच्या उशाशी बसली होती. नवऱ्याला पाहून तिचे डोळे भरून आले. "तुम्ही शोधून काढून फोन केलात म्हणून हात तरी राहिला," ती म्हणाली. "मी सगळ्यांना तेच सांगितलंय."

मेहुण्याचा हात पांढऱ्या गुंडाळीत होता. तो बरा दिसत होता, म्हणजे ओरडत नव्हता. "भाऊजी," तो म्हणाला, "मी वाचलं होतं हो. दोनदा वाचलं. तक्ताही वाचला. पण अहवालात म्हणतात ते खरं असेल. माझंच काहीतरी वाचायचं चुकलं."

"होतं असं," मोती म्हणाला.

"तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

"नाही लावून घेत."

त्याला तिथे बसवेना, म्हणून तो बाहेर आला. व्हरांड्याच्या टोकाला कचऱ्याची खोली होती आणि दारात वॉर्डातली मावशी एक छोटी पिवळी पिशवी गाठ मारून उभी होती. हातात एक लेबल.

"ओ दादा, लिहिता येतं ना चांगलं? माझा चष्मा राहिला घरी. एवढं लिहून द्या. लेबलाशिवाय खाली घेत नाहीत मेले."

मोतीने लेबल घेतलं. ते त्याच्या लेबलांपेक्षा लहान होतं, पण रकाने तेच. "काय आहे यात?"

"सातव्या वॉर्डातली बोटं. तीन. उजव्या हाताची."

मोतीने लिहिलं. मावशी खांद्यावरून पाहत होती. "अगंबाई, काय अक्षर आहे हो! छापल्यासारखं."

"तारीख आजची?"

"आजचीच. मागची-पुढची चालत नाही इथे."

"किती दिवस ठेवता?" त्याने सवयीने विचारलं.

"दिवस? अठ्ठेचाळीस तास. त्याच्या आत गाडी येते आणि सगळं भट्टीत. इथे नसतं ठेवून घेत कोणी."

मोतीने मान हलवली. खाली अजून थोडी जागा उरली होती. हात आपसूक पुढे गेला आणि त्याने तिथे आपला मोबाइल नंबर लिहिला, दहाही आकडे, एका रेषेत, गोल गोल.

मावशीने लेबल डोळ्यांजवळ धरलं आणि तिला हसू आलं.

"हा नंबर कशाला, दादा?" ती म्हणाली. "आता ह्यांच्यासाठी कोण फोन करणार आहे तुम्हाला?"

तिने पिशवीला लेबल चिकटवलं, तळहाताने दाबून नीट बसवलं आणि पिशवी खोलीत ठेवली.